चौदा नंबरचा परिच्छेद

३ मार्च, मंगळवार

प्रिय मुंगळ्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि का उचलत नाहीस ते मला कळतं. म्हणून कागद घेतला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, त्यामुळे अक्षर पळतंय. हे पाकीट न फोडता परत पाठवू नकोस, एवढंच मागणं.

आधी आईचं सांगते, म्हणजे तू पुढचं वाचशील. गुडघा सोडून बाकी ठीक आहे. गुडघा चालत नाही त्याची भरपाई तोंड करतंय. तुझ्याबद्दल कुणी काही बोललं की जिन्यातच उभी राहून त्याचा समाचार घेते. वरच्या मजल्यावरचे काका परवा म्हणाले, "पोराने उत्साहाच्या भरात बनवला असेल कागद. वय आहे, चालायचंच." आई म्हणाली, "त्याला इतकं शुद्ध लिहिता आलं असतं तर भाषेच्या पेपराला दोनदा बसला नसता." काका वर जाईपर्यंत विचार करत होते, हे कौतुक होतं की काय.

इथे काय काय झालं ते तुला तिकडे अर्धंमुर्धं कळलं असेल, म्हणून सलग सांगते. तू आमच्या कंपनीला पत्र लिहून तुमच्या ठाण्यावर कॉफी मागितलीस. मी इथेच नोकरीला असून मला चकार शब्द सांगितला नाहीस, याचा मला राग आला होता. उत्तर आलं, त्याचा फोटो काढून तू जगाला दाखवलास आणि खाली एक ओळ लिहिलीस, ‘आम्ही कॉफी मागितली होती, हे उत्तर आलं.’ त्या उत्तरातलं वाक्य आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय: ‘आपल्या कार्याला पाठिंबा देणे आमच्या धोरणात बसत नाही, आणि त्या कार्याशी आमचे नाव जोडले जावे अशी आमची इच्छा नाही.’ सीमेवर बसलेल्या माणसाला कॉफीच्या दुकानाने असं लिहिलेलं पाहून लोक पेटणारच होते.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कंपनीचं दुकान आहे, तिथे मी रोज बघत होते. लोक रांग लावून कॉफी घ्यायचे आणि बाहेर येऊन फुटपाथवर ओतायचे. विकत घेऊन ओतायचे, त्यामुळे त्या आठवड्यात खप वाढला. काचेवर कुणीतरी लाल रंग फेकला. तिसऱ्या दिवशी दुसरी पार्टी आली. ही युद्ध नको म्हणणारी मंडळी, हातात फुलं घेऊन. काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, तुमच्या कंपनीने मोठं धैर्य दाखवलं, तुम्हाला काय वाटतं युद्धाबद्दल? ती म्हणाली, "मोठा कप की लहान?" टीव्हीवर एक निवृत्त अधिकारी आणि एक प्राध्यापक रोज भांडायचे. सैनिकांना फुकट कॉफी देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे का? नाही दिली तर तो देशद्रोह का? दिली तर युद्धाला पाठिंबा का? भांडणाच्या शेवटी दोघांच्याही पुढ्यात चहा असायचा.

मग कंपनीने जाहीर केलं की असं पत्र आमच्याकडून गेलेलंच नाही, आणि सगळी तोंडं तुझ्याकडे वळली. मूळ कागद तुझ्याकडे असता तर गोष्ट वेगळी होती. पण तुझ्या शहाण्या दोस्तांनी तो नेमबाजीच्या फळीवर चिकटवून त्याची चाळण केली. उरला फोटो, आणि फोटो काय, कुणीही बनवतं.

चार फेब्रुवारीला सकाळी तू फोन केलास. म्हणालास, "ताई, तू तिथेच आहेस. एकदा फायली बघ ना. तूच सांगायचीस, तुमच्याकडे चिटोराही टाकत नाहीत." मी म्हणाले, "बघितलं रे. तसं काही नाही." तू विचारलंस, "तू स्वतः बघितलंस?" मी हो म्हणाले. मग म्हणालास, "बरं. मग मीच लिहिलं असेल मला." आणि ठेवलास.

मुंगळ्या, आमच्या उत्तर-कक्षात आम्ही सहाजणी बसतो. रोज पत्रांचा ढीग असतो. कुणाच्या तरी हातून काही झालंही असेल, पण आता त्याचा माग लागणं कठीण आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. लोक विसरतात.

सुट्टी संपली. जेवत जा नीट.

तुझी,
ताई


१५ मार्च, रविवार

मुंगळ्या,

पाकीट परत आलं. ‘घेण्यास नकार’ असा शिक्का मारून, जसंच्या तसं. आईने दारात घेतलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. एरवी ती पोस्टमनशी पाच मिनिटं बोलते.

लहानपणी एकदा चावलास की सोडायचा नाहीस, म्हणून तुला हे नाव पडलं. मला वाटलं होतं वयाबरोबर गेलं असेल. असो, मला चावण्याचा तुला अधिकार आहे. हे पत्र मी टाकणार आहे की नाही ते माहीत नाही, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते.

तुमचा स्वयंपाकी आईला अधूनमधून फोन करतो, हे तुला ठाऊक नसेल. भला माणूस दिसतो. त्यानेच सांगितलं की कंपनीने सगळ्या ठाण्यांवर फुकट कॉफीची खोकी पाठवली, त्यातली सहा तुमच्याकडे आली. तू ती पाठीवर घालून कोठारात नेऊन ठेवलीस आणि स्वतः गरम पाणी पीत बसलास. पोरं तुला म्हणाली, "घे रे, तुझ्याच हस्ताक्षरात चिठ्ठी आली असेल." स्वयंपाकी हे सांगताना हसला, आणि आई हसत नाही म्हटल्यावर त्याने विषय बदलला.

त्या खोक्यांत जी चिठ्ठी होती, ‘आपल्या शौर्याला आमचा प्रेमपूर्वक सलाम’, ती मी लिहिली आहे.

आता सुरुवात केलीच आहे तर पुढचंही सांगते. असं पत्र आमच्याकडून गेलंच नाही, हे कंपनीचं निवेदनही मीच लिहिलं. आमच्या विभागप्रमुख बाईंना माझी भाषा आवडते. त्या म्हणाल्या, "नम्र लिही, पण संशयाला जागा ठेवू नकोस." मी ठेवली नाही. ‘आमच्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येक फाईल स्वतः तपासली आहे’ हे वाक्य बाईंना फार पसंत पडलं. पुढच्या महिन्यात त्या दुसऱ्या शाखेत जाणार आहेत, आणि त्यांची खुर्ची मला मिळणार असं सगळे धरून चाललेत. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं, ते तुला पुढे कळेल.

स्वयंपाक्याने दुसरीही बातमी दिली. चोवीस तारखेला तुझी चौकशी आहे. खोटा कागद बनवून दलाची लाज घालवली, असा आरोप. सिद्ध झाला तर दंडावरची पट्टी जाईल आणि बहुतेक घरी पाठवतील. आई फोन ठेवून बराच वेळ खिडकीत उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा पोरगा खोटं बोलत नाही. तू म्हणतेस तुझी कंपनीही खोटं बोलत नाही. मग हे केलं कुणी?" मी इस्त्री करत होते. एकच बाही तीनदा केली.

बाई खोटं बोलत नाहीत, मुंगळ्या. कंपनीही नाही. त्यांना खरंच माहीत नाही. फाईल त्यांनी उघडली तेव्हा त्यात काही नव्हतं. पण त्याआधी होतं.

आज एवढंच. पुढचं लिहायला बसते आणि भांडी घासायला उठते. घरात आता घासायचं एकही भांडं उरलेलं नाही.

ताई


१९ मार्च, गुरुवार

मुंगळ्या,

आज माझ्या टेबलावर तुझ्या चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र आलं. कंपनीने लेखी कळवावं की असं पत्र तिच्याकडून गेलं होतं की नाही. बाई म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत जाऊ दे. जुनं निवेदनच जरा बदलून टाक." म्हणजे तुझा निकाल मीच टंकायचा. माझी दोन वाक्यं, त्यावर बाईंची सही, की तू खोटारडा ठरलास, कायमचा. मी कागद लावला, तारीख घातली आणि पोट दुखतंय सांगून घरी आले.

पहिल्या पत्रात मी ‘कुणाच्या तरी हातून’ असं लिहिलंय. ते खोडणार नाही. तू बघून ठेव मी कशी लिहिते ते. तो हात माझा होता. तुला आलेलं उत्तर मी लिहिलं आहे.

आमचं काम कसं चालतं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. पत्रांना आम्ही मनाने उत्तरं देत नाही. एक वही आहे, तिच्यात चाळीस परिच्छेद छापलेले आहेत, प्रत्येकाला नंबर. कप गळका निघाला की सहा. कॉफी कडू लागली की आठ. देणगी मागणाऱ्याला नऊ: ‘मोफत माल फक्त नोंदणीकृत संस्थांनाच देता येतो, याचा खेद आहे.’ राजकीय सभेसाठी, मोर्चासाठी कॉफी मागणाऱ्याला चौदा. चौदा तुला पाठ आहे. आणि कुठलंही उत्तर असो, वर पहिला नंबर लागतोच: ‘आपले पत्र आम्ही काळजीपूर्वक वाचले.’

काळजीपूर्वक म्हणजे पहिल्या पानाच्या पहिल्या चार ओळी. नवीन मुलीला मी स्वतः हेच शिकवते. मागणं पहिल्या चार ओळींत असतं, पुढे नुसतं रडगाणं, त्यात शिरलीस तर दिवसाची साठ पत्रं कशी हातावेगळी होतील.

सोळा जानेवारीला निवडणूक तोंडावर होती. सकाळपासून पक्षवाल्यांचीच पत्रं. आमच्या मेळाव्याला कॉफी द्या, आमच्या पदयात्रेला कॉफी द्या. एकामागून एक चौदा. हात चौदावर बसला होता. तुझं पत्र त्याच ढिगात आलं. वर तुकडीचा टपाल क्रमांक, खाली ‘आम्हा बेचाळीस जणांसाठी आपली कॉफी मिळावी’. अक्षर ओळखीचं नव्हतं. तू ते स्वयंपाक्याकडून सुंदर लिहून घेतलं होतंस, हे मला नंतर कळलं. मी चार ओळी वाचल्या, नऊऐवजी चौदा टाकला, पाकिटावर तुकडीचा क्रमांक घातला आणि पुढचं पत्र उचललं. अर्धं मिनिट लागलं असेल.

तो टपाल क्रमांक आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. तुझी बदली झाल्यावर तू कार्ड पाठवलंस, ते आईने चुंबकाखाली अडकवलं होतं. मी रोज सकाळी त्याच दाराला हात लावून दूध काढते. तो आकडा मी एकदाही वाचला नव्हता.

तुझा फोटो मी ऑफिसातच पाहिला, बाजूचीच्या फोनवर. आधी वाक्य ओळखलं, मग तुझं नाव वाचलं. प्रत्येक उत्तराखाली डाव्या कोपऱ्यात लिहिणारीचा टेबल क्रमांक असतो, बारीक. माझा सतरा. फोटोत त्या कोपऱ्यावर तुझा अंगठा आला होता. तू कागद धरलास त्याच जागी. मी तो अंगठा मोठा करून करून पाहिला, नखावरचा तो जुना दुभंग दिसेपर्यंत. आणि मला काय वाटलं ते सांगते, कारण तुला नाही तर कुणाला सांगणार. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला सहाजणींना उभं करून विचारलं, चौदा कुणी टाकला? कुणी बोललं नाही. बाई म्हणाल्या, जाऊन फायली तपासा. जानेवारीची फाईल माझ्याच कपाटात. मी काढली, तुझं पत्र आणि माझ्या उत्तराची नक्कल, दोन्ही टाचणीसकट जेवणाच्या पिशवीत घातलं आणि बाईंना म्हणाले, "नाही सापडलं." त्यांनी फाईल एकदा उघडून बघितली आणि लगेच विश्वास ठेवला; चौदा शेकडो पक्षवाल्यांकडे गेलाय, कुणीतरी तिथून उतरवला असेल, म्हणाल्या. बारा वर्षांत माझी एकही तक्रार नाही.

म्हणजे तू फोन केलास तेव्हा ते दोन्ही कागद माझ्या घरच्या कपाटात होते, लोकरीच्या कपड्यांखाली. मी पलंगावर बसून तुझ्याशी बोलत होते. हात लांब केला असता तर पोचला असता.

नोकरी जाईल म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला सांगते. ते पुरतं खरं नाही. नोकऱ्या मिळतात. मला भीती वाटली ती तुझी. तुझे सगळे निबंध मी लिहिले, तुझे सुट्टीचे अर्ज मी लिहिले, दलात भरती होतानाचं ते ‘मला सैनिक का व्हायचे आहे’ तेसुद्धा मीच. तू सगळ्यांना सांगायचास, आमच्या ताईसारखं कुणाला लिहिता येत नाही. आणि तुला आयुष्यातलं सगळ्यात वाईट पत्र आलं ते मी लिहिलेलं. हे तुला कळू नये, एवढ्यासाठी मी तुला खोटं ठरू दिलं.

तुझ्या पत्राला दुसरं पान आहे. टाचणी लावलेली आहे, ती मी काढलेली नाही. दीड महिना ते घरात आहे आणि मी ते वाचलेलं नाही. भित्री आहे तुझी ताई, आणखी काय.

उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर जायचंय.

ताई


२१ मार्च, शनिवार

प्रिय मुंगळ्या,

पाकिटावरचं अक्षर आईचं आहे. फ्रिजवरचं कार्ड समोर ठेवून तिने पत्ता घातला. तिचं अक्षर पाहून तू परत पाठवणार नाहीस, हा विचार तिचा, मला सुचला नसता. आत माझी आधीची तिन्ही पत्रं आहेत, परत आलेलं पहिलंही. क्रमाने वाच.

गुरुवारी तुला लिहून झालं आणि मी लोकरीचे कपडे बाजूला करून ते कागद बाहेर काढले. स्वयंपाकघरात आई टेबलाशी डाळ निवडत होती. तिच्यापुढे ठेवले. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि आधी माझ्या उत्तराची नक्कल वाचली, खालच्या सतरापर्यंत. मग तुझं पत्र पाहिलं. म्हणाली, "याला हे उत्तर दिलंस?"

"चुकून गेलं."

"वाचलं नव्हतंस?"

"पहिलं पान. थोडं."

ती म्हणाली, "त्याचं पत्र आलं की मी पाकिटावरचा शिक्कासुद्धा वाचते." मग तिने टाचणी काढली, डाळीच्या ताटात ठेवली आणि दुसरं पान मोठ्याने वाचलं. मला उभंच ठेवलं.

तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे. मलाही ते आता पाठ झालंय, तरी इथे उतरवते, कारण मला ते माझ्या हाताने लिहायचंय.

‘फुकट नको. आम्ही सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली आहे, जो भाव असेल तो देऊ. आमच्या वाटेवर तुमचा माल येत नाही, म्हणून फक्त पोचवायची सोय करावी. पहाटेच्या पाळीला डोळे मिटतात. सुट्टीत घरी गेलो की ताई मला तुमची कॉफी करून द्यायची, त्या चवीचं मी इथे सगळ्यांना इतकं सांगितलं की आता पोरं ऐकत नाहीत. पत्रात चुका असतील तर माफ करा. माझी पत्रं लहानपणापासून ताई लिहून देते. ती तुमच्याच ऑफिसात आहे, पण तिला कृपया सांगू नये. ओळखीवर काम करून घेतलेलं तिला आवडत नाही. या वेळी मीच लिहून बघतो आहे.’

फुकट नको. सगळा देश महिनाभर भांडला, सैनिकांना फुकट द्यावं की न द्यावं. तो अधिकारी भांडला, तो प्राध्यापक भांडला, काचेवर रंग पडला, खालच्या मुलीच्या अंगावर कुणीतरी गरम कप फेकला आणि ती नोकरी सोडून गेली. आणि तू फुकट मागितलंच नव्हतंस. ते पान उलटलं असतं तर हे काही झालंच नसतं. उलटायचं काम माझं होतं.

आईने पान घडी घालून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "सकाळी पहिल्या बसने जा." त्यानंतर या पाकिटाचं सोडून ती माझ्याशी बोललेली नाही. माझं ताट मात्र वाढते. मी बसले की उठून खिडकीत जाते.

काल साडेनऊला मी बाईंच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी सगळं वाचलं, दोन्ही पानं, सावकाश. पहिला प्रश्न विचारला, "कागद बाहेर कसे नेलेस?" मी म्हणाले, "जेवणाच्या पिशवीतून." त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "तुझ्यावर मी सही केली." माझ्या लिहिण्यावर, असं त्यांना म्हणायचं होतं, पण त्या जे म्हणाल्या तेच खरं होतं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, वकिलांना विचारल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही, सोमवारी बघू. मी सांगितलं, मंगळवारी त्याची चौकशी आहे, टपालाला तीन दिवस लागतात. त्या बराच वेळ तुझं दुसरं पान हातात फिरवत होत्या. शेवटी घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मी जरा खाली जाऊन येते. अर्धा तास लागेल." कागद टेबलावर तसेच ठेवून गेल्या. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

मी माझ्या टेबलावर बसले आणि चौकशी अधिकाऱ्यांना उत्तर लिहिलं. एकही नंबर वापरला नाही. पत्र आमच्याकडून गेलं. ते मी लिहिलं. नक्कल मी फाईलमधून काढून घरी नेली. कंपनीच्या वरिष्ठांना हे माहीत नव्हतं. त्याने दाखवलेला प्रत्येक शब्द खरा आहे. खाली माझं पूर्ण नाव आणि टेबल क्रमांक. आमच्या कक्षातून नाव घालून गेलेलं हे पहिलंच पत्र असेल. तुझं पत्र आणि नक्कल सोबत जोडली, आणि जलद टपालाने टाकून आले. खिडकीतला माणूस म्हणाला, सोमवारी दुपारपर्यंत पोचेल. मी त्याला तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्याने खिडकी लावली.

परत आले तेव्हा बाई जागेवर होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. मी गळ्यातला पास काढून त्यांच्यापुढे ठेवला. नवीन मुलगी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "आता मी किती ओळी वाचायच्या?" मी तिला म्हणाले, "सही येईपर्यंत."

मंगळवारी काय होईल ते मला माहीत नाही. तुझी पट्टी राहील, असं वाटतं. पोरं तुझी माफी मागतील, आणि तू त्यांना लगेच माफ करशील, कारण ती तुझ्याबरोबर थंडीत उभी असतात. माझं तसं काही नाही. मी ओळखून, विचार करून, दीड महिना रोज सकाळी उठून तुला खोटं पाडत होते. चूक अर्ध्या मिनिटाची होती, बाकी सगळं मी शुद्धीत केलं. तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तसा एक परिच्छेद वहीत आहे, नंबर बावीस. तो मी हजारदा तरी वापरला असेन.

फक्त तुझ्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते देते.

कॉफी तुमच्या ठाण्यापर्यंत पोचवता येते. मी विचारलं. पुढच्या गावात जो दूधवाला गाडी घेऊन तुमच्याकडे येतो, तो आठवड्याला एक खोकं आणायला तयार आहे. स्वयंपाक्याने त्याचा फोन नंबर आईला दिला होता. माल मी इथून त्याच्यापर्यंत पाठवीन, कंपनीचा नको असेल तर दुसऱ्या कुणाचा. जो भाव असेल तो तुमच्याकडून घेईन, फुकट काही देणार नाही. पत्रात दोनच चुका होत्या, त्याही स्वयंपाक्याच्या असाव्यात. छान लिहिलंयस. तुझ्या ताईला आम्ही सांगायला नको होतं, पण तिला कळलं.

तुझं पत्र मिळालं. दोन्ही पानं वाचली.

ताई
टेबल क्रमांक सतरा